नगरपालिका परत आली; नागरिक परत येतील काय?

पेढीचा मालक चार वर्षें परगांवीं राहून परतला, तर दुकानाची पायरी चढतांच तो प्रथम काय मागतो? हार नव्हे, तुरा नव्हे. तो वही मागतो. महाराष्ट्रांतील 246 नगरपरिषदा व 42 नगरपंचायती यांच्या निवडणुका 4 नोव्हेंबर 2025 रोजीं जाहीर झाल्या. बहुतेक ठिकाणीं 2 डिसेंबरला व कांहीं ठिकाणीं 20 डिसेंबरला मतदान होऊन 21 डिसेंबरला निकाल लागले. गुलाल उधळून झाला. वाशिमच्या नागरिकांनीं आतां वही मागावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.

राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीनें 1 जून 1993 पासून नगरपालिकेची मुदत पांच वर्षांची ठरली, व ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पुरी झालीच पाहिजे असें बंधन पडलें. वाशिमची मागील निवडणूक 2016 सालच्या अखेरीची. म्हणजे पुढची 2021 च्या अखेरीस व्हावयाची, ती चार वर्षें झाली नाहीं. या अवधींत कारभार सरकारी प्रशासकाच्या हातीं होता. प्रशासक व्यक्तिशः कसा, हा प्रश्नच नाहीं. घरपट्टी भरणारा एक आणि ती कशी खर्चावी हें ठरविणारा दुसरा, आणि पहिल्यास दुसऱ्यास बदलण्याचा अधिकार नाहीं, या व्यवस्थेस स्वराज्य म्हणतां येत नाहीं.

हें कां झालें? या लांबणीचें मूळ ज्या खटल्यांत आहे, त्यांत वाशिम जिल्ह्याचेंच नांव आहे. वाशिम, अकोला, नागपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील स्थानिक संस्थांच्या आरक्षणाबद्दलच्या ‘विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें 4 मार्च 2021 रोजीं निर्णय दिला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणापूर्वी स्वतंत्र आयोगानें मागासलेपणाची प्रत्यक्ष चौकशी करावी. प्रत्येक संस्थेपुरतें प्रमाण ठरवावें. आणि एकूण आरक्षण निम्म्याहून अधिक नसावें, अशा तीन कसोट्या त्यांत सांगितल्या.

कित्येक लोक या विलंबाचा दोष आरक्षणावर ढकलतात. आम्हांस हें मान्य नाहीं. या कसोट्या नव्या नव्हत्या. घटनापीठानें त्या 2010 सालींच घालून दिल्या होत्या. अकरा वर्षें आंकडे गोळा करण्याचें काम कोणत्याच पक्षाच्या सरकारनें तडीस नेलें नाहीं. बांठिया आयोगाचा अहवाल येण्यास 2022 चा जुलै उजाडला. पुढें प्रभागरचनेचे वाद लागले, तारखांवर तारखा पडल्या, आणि 6 मे 2025 रोजीं निवडणुका घेण्याचा हुकूम न्यायालयासच करावा लागला. मागासलेल्यांचा हक्क आणि सर्वांचें मत हे एकमेकांचे वैरी नव्हत. सरकारी आळस हा दोहोंचा वैरी आहे.

तीच गोष्ट नगराध्यक्षाची. 2016 सालीं तो थेट जनतेनें निवडावयाचा होता. 2020 सालीं तो अधिकार नगरसेवकांकडे गेला. 2022 सालीं पुनः जनतेकडे आला. दोन्ही पद्धतींस अनुकूल युक्तिवाद करतां येईल. परंतु मंत्रिमंडळ बदललें कीं नियम बदलावा, हा कायदा नव्हे, ही सोय आहे.

वाशिमची नगरपालिका 1869 सालीं स्थापन झाली. पुढें 1882 सालीं लॉर्ड रिपननें स्थानिक स्वराज्य हें लोकशिक्षणाचें साधन आहे असें आपल्या ठरावांत म्हटलें. परकी सत्तेनें तोंडानें तरी जें मान्य केलें, तें स्वकीयांनीं चार वर्षें आवरून धरावें, हें लाजिरवाणें आहे. विलायतेंत बर्मिंगहॅम शहराचा मेयर जोसेफ चेंबरलेन यानें 1873 ते 1876 या तीन वर्षांत गॅस व पाणी यांच्या खासगी कंपन्या नगरपालिकेच्या मालकीच्या केल्या. पुढें तो कट्टर साम्राज्यवादी निघाला, ही गोष्ट वेगळी. आमच्याकडे बॅरिस्टर वल्लभभाई पटेल हे 1924 ते 1928 अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. गटार आणि नळ यांस त्यांनीं हलकें काम मानलें नाहीं.

आतां आमच्या व्यापारी बंधूंस एक कडू गोष्ट सांगावयाची आहे. नगरपालिका नव्हती, तेव्हां ती नाहीं याचें दुःख आपणांस किती दिवस झालें? ओळखीनें काम होत असेल, तर निवडणुकीची गरज कोणास? जो मत विकतो, तो पांच वर्षांचा प्रश्न विचारण्याचा हक्क एका रात्रींत गहाण टाकतो. आणि जो दुकानापुढचें अतिक्रमण संभाळण्यासाठीं नगरसेवकाची मर्जी राखतो, तोही तेंच करतो.

म्हणून तीन वह्या मागाव्या. पहिली पाण्याची: एकबुर्जीच्या धरणांतून उचललेलें पाणी कोणत्या वस्तीस कितव्या दिवशीं पोंचतें? दुसरी ठेक्यांची: प्रशासकाच्या काळांत कोणतीं कामें कोणास व किती रकमेस दिलीं? तिसरी थकबाकीची: कराचे मोठे थकबाकीदार कोण? सभागृहांत उत्तर न मिळाल्यास 2005 चा माहितीचा अधिकार आहे. त्या अर्जास दहा रुपये लागतात, वशिला लागत नाहीं. तिसऱ्या वहींत आपलें नांव निघालें, तर तें प्रथम आपणच खोडवावें: पैसे भरून.

प्रतिनिधि निवडून आले, म्हणजे नागरिकाचें काम संपलें असें नव्हे. तें त्याच दिवशीं सुरू होतें. वही उघडली नाहीं, तर प्रशासक गेला काय आणि नगरसेवक आले काय, पेढी परक्याचीच राहील.