उंच आल्प्समधील निवांत वाटा आणि उतारवयातील सायकल

मुलगा किंवा मुलगी युरोपात स्थायिक झाली, की उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे राहायला जाण्याचा योग आता अनेक मराठी घरांतील ज्येष्ठांना येतो. एखाद्या रविवारी सगळे कुटुंब आल्प्सच्या कुशीतील एखाद्या गावी जाते. समोरून पांढऱ्या केसांचे एक जोडपे सायकलवरून शांतपणे निघून जाते आणि आजोबांना आपली जुनी सायकल आठवते. शाळेत, कचेरीत, बाजारात जाताना अर्धे आयुष्य त्यांनी सायकलवरच काढलेले असते. ‘मलाही जमेल,’ असे ते म्हणतात. ‘बाबा, आता या वयात?’ असे उत्तर येते आणि विषय तिथेच मिटतो.

तो तिथे मिटू नये, असे आम्हांला वाटते. आजोबांची इच्छा वेडगळ नाही आणि मुलांची भीतीही निराधार नाही. साठी-सत्तरीनंतर सायकलवरून पडणे म्हणजे खुब्याचे किंवा मनगटाचे हाड मोडण्याचा धोका, आणि त्यातून महिनोन् महिने परावलंबित्व येऊ शकते. परंतु ‘नको’ या एका शब्दाने माणसाचा आत्मविश्वासही खचतो. या दोहोंमधून मार्ग काढायचा, तर आधी योग्य वाट निवडावी लागते. सुदैवाने आल्प्समध्ये अशा वाटा आहेत.

रस्ता निवांत कशामुळे होतो?

उंच डोंगरातील रस्ता म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर घाटातील ट्रक आणि कर्णे उभे राहतात. आल्प्समधील काही रस्ते मात्र तीन कारणांनी शांत राहिले आहेत. काही ठिकाणी डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला आणि सारी वाहतूक खाली गेली. काही रस्त्यांवर खासगी मोटारींना मनाई आहे. काही दऱ्यांतून मोटाररस्त्यापासून वेगळा सायकलमार्गच बांधलेला आहे.

ज्येष्ठांनी वाट निवडताना चढ किती, एवढेच विचारून भागत नाही. वाहने किती, रस्त्याचा पृष्ठभाग कसा आणि मध्येच थांबावेसे वाटले तर परत येण्यास रेल्वे किंवा बस आहे का, हे तीन प्रश्न अधिक महत्त्वाचे. त्यांच्या कसोटीवर पुढील तीन वाटा पाहू.

पहिली वाट : विन्शगाऊचे खोरे

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत रेशेन ही खिंड आहे. उंची १,५०४ मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडी अधिक आणि कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडी कमी. येथूनच जवळ आदिजे नदी उगम पावते आणि विन्शगाऊच्या खोऱ्यातून मेरान या शहराकडे उतरत जाते. खिंडीजवळच्या जलाशयातून चर्चचा एक चौदाव्या शतकातील मनोरा वर आलेला दिसतो. १९५० साली धरणाच्या पाण्याखाली जुने ग्राऊन गाव गेले. त्याची एवढीच खूण उरली. कोयनेचे किंवा उजनीचे विस्थापन पाहिलेल्या माणसाला तो मनोरा पाहून वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

जलाशयापासून मेरानपर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. त्यातील बराचसा भाग मोटाररस्त्यापासून अलग आहे. जलाशय ते माल्स हा टप्पा तीव्र उताराचा असल्याने ज्येष्ठांनी तो बसने पार करावा हे बरे. माल्सपासून पुढे रेल्वे सोबतीला येते. २००५ साली पुन्हा सुरू झालेली ही छोटी रेल्वे माल्स ते मेरान अशी सुमारे साठ किलोमीटर धावते. काही स्थानकांजवळ सायकली भाड्याने मिळतात आणि दुसऱ्या स्थानकावर परतही करता येतात. त्यामुळे दमलात तर पुढचे स्थानक गाठावे, एवढेच करायचे उरते.

पहिल्या दिवसासाठी माल्स ते लास हा सुमारे पंधरा किलोमीटरचा टप्पा पुरेसा आहे. वाटेत तटबंदीने वेढलेले ग्लुर्न्स हे चिमुकले शहर लागते. लास पांढऱ्या संगमरवरासाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा आणि दक्षिणेकडे ३,९०५ मीटर उंचीचे हिमाच्छादित ऑर्टलर शिखर. आमच्या मते ज्येष्ठांनी सुरुवात करावी ती याच वाटेने.

दुसरी वाट : ग्रोसे शायडेग

स्वित्झर्लंडमध्ये मायरिंगेन आणि ग्रिंडेलवाल्ड या दोन गावांना जोडणारी ही खिंड १,९६२ मीटरवर आहे. कळसूबाईहूनही तीनशे मीटर उंच. रस्त्याच्या वरच्या भागात खासगी मोटारींना प्रवेश नाही. सायकली, पादचारी आणि पिवळी टपाल बस एवढीच वर्दळ. ही बस आंधळ्या वळणावर तीन स्वरांचा सुरेल कर्णा वाजवते. तो कानी पडताच बाजूला होऊन पाय जमिनीवर टेकवावा. रस्ता अरुंद आहे आणि बसला जागा द्यावीच लागते.

मायरिंगेन ६०० मीटरच्या आसपास असल्याने तिकडून चढ जवळजवळ १,४०० मीटरचा होतो. ग्रिंडेलवाल्डकडून तो सुमारे ९०० मीटर आहे. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, पण चढ खडा. साध्या सायकलवर हे काम सराव असलेल्या तरुणाचे. ज्येष्ठांसाठी विजेचे साहाय्य देणारी सायकल हाच पर्याय, तोही विन्शगाऊसारख्या सोप्या वाटेवर काही दिवस हात बसल्यावर. वर वेटरहॉर्नचा कडा अगदी समोर उभा राहतो आणि पलीकडे आयगर दिसतो. परतीचा उतार हाताला आणि ब्रेकला जड जातो, म्हणून बसने उतरावे. बसमध्ये सायकलींना जागा मोजकी असते. आधी चौकशी करून ठेवावी.

तिसरी वाट : ट्रेमोला, पण बसमधून

निवांत असलेली प्रत्येक वाट आपल्यासाठी नसते, हे सांगण्यासाठी तिसरे उदाहरण. गॉटहार्ड खिंडीवरून दक्षिणेला उतरणारा ट्रेमोला हा जुना रस्ता एकोणिसाव्या शतकात बांधला गेला. दगडी फरसबंदीची दोन डझन वळणे एकावर एक रचल्यासारखी दिसतात. १९८० साली सुमारे सतरा किलोमीटरचा मोटारबोगदा सुरू झाला, खिंडीवरून नवा रुंद रस्ताही झाला आणि जुन्या ट्रेमोलावर शांतता नांदू लागली. सायकलस्वार दुरून ती वाट चढायला येतात.

मात्र दगडी फरशीचा प्रत्येक हादरा मनगट, मान आणि कंबर यांपर्यंत पोहोचतो. हाडे ठिसूळ झालेल्यांनी किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी या वाटेला सायकलवरून जाऊ नये. ओल्या फरशीवर तर कोणीच जाऊ नये. सुमारे २,१०० मीटरवरच्या त्या खिंडीत बसने जाऊन, तळ्याकाठी बसून ती वळणे डोळे भरून पाहण्यातही कमीपणा नाही.

उंचीवर शरीराचे काय होते?

२,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे चार-पंचमांश असतो. तेवढ्याच श्रमाला श्वास अधिक लागतो. उंचीचा खरा आजार बहुधा २,५०० मीटरच्या पुढे जाणवतो. तरी पहिले एक-दोन दिवस नुसते चालावे, सायकल नंतर. डोकेदुखी, मळमळ किंवा भोवळ आली, तर चढणे थांबवून खाली यावे.

निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे. हृदयविकाराचा झटका किंवा शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, छातीत दुखत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असेल, तर त्यांच्या परवानगीविना निघू नये. पुढील गोष्टी आवर्जून विचाराव्यात.

रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत. अशा वेळी मनगटावरचे घड्याळ श्रमाचा अंदाज चुकवते. त्यापेक्षा सोपी कसोटी म्हणजे चढताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले, की वेग कमी करावा.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर कोरड्या डोंगरी हवेत शरीरातील पाणी लवकर कमी होते. पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमानंतर काही तासांनीही घसरू शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोज हवेच, आणि ते कोणत्या खिशात आहे हे सोबत्याला ठाऊक हवे.

रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही रुग्णालयात दाखवावा. ‘काही झाले नाही’ म्हणून झोपू नये.

उंचीवर ऊन अधिक प्रखर आणि हवा अधिक थंड असते. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. चढताना घाम येतो आणि उतरताना तोच गारठतो. म्हणून उतरण्यापूर्वीच जाकीट घालावे.

घरच्यांनी काय करावे?

तयारी इथूनच, निघण्याआधी दोन-तीन महिने सुरू करावी. सकाळी रहदारी नसलेल्या रस्त्यावर किंवा मैदानात आजी-आजोबांसोबत जा. पाहायचे ते असे : सायकलवर चढता-उतरता तोल जातो का, मागे वळून पाहताना हँडल वळते का, एक हात सोडून वळणाची खूण करता येते का, अचानक ब्रेक लावल्यावर पाय नीट टेकतो का. यांपैकी एकही जमत नसेल, तर डोंगराचा बेत पुढे ढकलावा. जमत असेल, तर आपली भीतीही आपोआप कमी होईल.

सायकल घेताना आडवी दांडी नसलेली, आपण जिला लेडीज सायकल म्हणतो तशीच घ्यावी. टांग उंच टाकावी लागत नाही. पुरुषांनी यात संकोच करू नये. सीट अशा बेताची असावी, की थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील. विजेची सायकल वीस-पंचवीस किलो भरते. ती उचलण्याचे काम तरुणांकडे सोपवावे. युरोपात वाहतूक उजव्या बाजूने चालते, आणि पुढच्या चाकाचा ब्रेक कोणत्या हाताला आहे हे भाड्याच्या सायकलवर उभ्याउभ्याच तपासून घ्यावे. तिकडे तो बहुधा डाव्या हाताला असतो. सवयीने चुकीचा ब्रेक करकचून दाबला, तर माणूस पुढे फेकला जातो. हेल्मेट सर्वांनी घालावे. दुभिंगी चष्म्यातून जवळचा रस्ता धूसर दिसत असेल, तर केवळ दूरचे दिसणारा चष्मा वेगळा करून घ्यावा.

निघताना सकाळची वेळ धरावी. दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. जून अखेर ते सप्टेंबर हा काळ चांगला, कारण एरवी उंच खिंडी हिमाने बंद असू शकतात. प्रवासविम्यात जुने आजार समाविष्ट आहेत का, हे वाचून घ्यावे. औषधांची यादी आणि रक्तगट लिहिलेला कागद खिशात असावा. संकटसमयी ११२ हा क्रमांक इटली आणि स्वित्झर्लंड दोन्हीकडे चालतो.

शेवटी एक करार घरातल्या घरात करावा. कुठे थांबायचे, हे सायकलवर बसलेल्या माणसाने ठरवावे आणि सोबत असलेल्याने त्यावर ‘अजून थोडेच’ असे म्हणू नये. त्याचप्रमाणे सोबत्याने ‘आता पुरे’ म्हटले, तर ज्येष्ठांनी हट्ट धरू नये. दोघांपैकी एकाने म्हटले, की उतरायचे आणि स्थानकाकडे वळायचे.

पंधरा किलोमीटरऐवजी सहाच झाले, तरी काही बिघडत नाही. रेल्वेच्या खिडकीतून ऑर्टलर तेवढाच सुंदर दिसतो, आणि उद्या पुन्हा निघण्याएवढे बळ अंगात शिल्लक राहते.