एम्बेडेड प्रणाली बंद होताना कर्नल कोसळणे : कारणे व निदान

प्रस्तावना :
एखाद्या यंत्रात विशिष्ट कामासाठी कायमचा बसविलेला संगणक म्हणजे एम्बेडेड प्रणाली होय. राउटर, हवामान नोंदयंत्र यांसारख्या अनेक उपकरणांत १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेले लिनक्स कर्नल वापरले जाते. हे कर्नल बंद होताना कोसळले, तर 'यंत्र बंदच करावयाचे होते' असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. परंतु दूरच्या ठिकाणी बसविलेले उपकरण रीबूट होतानाच कोसळले, तर कोणीतरी तेथे जाऊन वीज तोडेपर्यंत ते निकामी राहू शकते.

कारणमीमांसा :
बंद होताना प्रथम प्रोग्राम थांबविले जातात व फाइल प्रणाली केवळ वाचनीय केली जाते. त्यानंतर कर्नल उपकरणांची यादी उलट क्रमाने घेऊन प्रत्येक ड्रायव्हरचे शटडाउन फंक्शन चालविते. बहुतेक दोष याच टप्प्यात आढळतात. ड्रायव्हरने हार्डवेअरचा क्लॉक बंद केला, परंतु इंटरप्ट, टायमर किंवा प्रलंबित काम थांबविले नाही, तर ते काम पुढच्याच क्षणी त्या हार्डवेअरचे रजिस्टर वाचू पाहते. क्लॉक नसल्यामुळे रजिस्टर उत्तर देत नाही; अनेक एआरएम चिपांवर याचे पर्यवसान कर्नल कोसळण्यात किंवा यंत्र गोठण्यात होते. हा योगायोग वेळेवर अवलंबून असल्याने दोष प्रत्येक वेळी प्रकट होत नाही.

निदानाच्या पद्धती :
फाइल प्रणाली आधीच लेखनास बंद झालेली असल्याने शेवटचे संदेश लॉग फाइलमध्ये सापडत नाहीत. म्हणून पुढील साधने उपयोगी पडतात.
१) सीरियल कन्सोल : शेवटचे संदेश दुसऱ्या संगणकावर नोंदविता येतात.
२) रॅमऊप्स : रॅमच्या राखीव भागात संदेश साठवून रीबूटनंतर वाचता येतात, मात्र वीज पूर्ण तुटल्यास ते नष्ट होतात.
३) इनिटकॉल डीबग : हा पर्याय दिल्यास शटडाउन होणाऱ्या प्रत्येक उपकरणाचे नाव छापले जाते. शेवटचे नाव हा तपासाचा आरंभबिंदू होय. मात्र दोषी ड्रायव्हर त्यापूर्वीचाही असू शकतो.

उपाय :
शटडाउन फंक्शनमध्ये प्रथम इंटरप्ट बंद करावा, नंतर टायमर व प्रलंबित कामे रद्द करून ती संपेपर्यंत थांबावे आणि शेवटी क्लॉक व वीजपुरवठा बंद करावा. केवळ विलंब घातल्यास दोष झाकला जातो, दूर होत नाही. वॉचडॉग टायमर अडकलेले यंत्र पुन्हा सुरू करतो, परंतु तोही मूळ दोषावरचा इलाज नव्हे.

निष्कर्ष :
बंद होताना कर्नल कोसळणे हा बहुधा क्रमाचा दोष असतो. म्हणून प्रथम पुरावा जतन करावा, मग क्रम तपासावा आणि त्यानंतरच संहितेत बदल करावा. प्रयोगशाळेतील प्रकल्पांच्या मूल्यमापनात यंत्र सुरू होण्याइतकीच ते नीट बंद होण्याचीही चाचणी समाविष्ट करणे इष्ट ठरेल.