कथा एकदा पडलेलीच होती, मग ‘अशी ही बनवाबनवी’ चालला कसा?

“धनंजय माने इथेच राहतात का?”

हे वाक्य मराठी न येणाऱ्या एखाद्या मित्राला समजावून सांगून बघा. तो म्हणणार, पत्ता विचारलाय, यात हसायचं काय? आणि तो चुकीचं बोलत नाहीये. वाक्यात विनोद नाहीच. तो लक्ष्मीकांत बेर्डेच्या तोंडात आहे. तरी एवढ्या वर्षांनी माने आडनावाचा कुणी भेटला की हा प्रश्न त्याला विचारला जातोच.

सप्टेंबर १९८८ मध्ये आलेल्या या चित्रपटाची कथा नवीन नव्हती. हृषिकेश मुखर्जींनी १९६६ मध्येच त्यावर ‘बीवी और मकान’ नावाचा हिंदी चित्रपट काढला होता. निर्माते आणि संगीतकार हेमंत कुमार, गाणी गुलजारांची, मेहमूदसारखा कसलेला नट, एवढं सगळं असूनही तो चालला नाही. आज तो किती जणांनी पाहिलाय? तीच कथा सचिन पिळगांवकरांनी मराठीत आणली आणि मराठी माणसाला ती तोंडपाठ झाली.

मग कथेत असं काय आहे? खरं सांगायचं तर फार काही नाही. पुण्यात चार मित्रांना भाड्याने जागा हवी आहे. लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांना जागा देणार. म्हणून दोघे नवरे होतात आणि दोघे बायका. पुढे चौघांच्याही प्रेमाचे धागे नेमके याच घराभोवती येऊन गुंततात. एकाच छताखाली राहूनही लीलाबाईंना पत्ता लागत नाही. अडचण आली की नवं खोटं, तेही पुरलं नाही की त्याहून मोठं खोटं, आणि शेवटी मारामारी. शेवटचा भाग तर आजही थोडा लांबल्यासारखाच वाटतो.

तरीही माणसं बघतात, कारण त्यांना पुढे काय होणार याची उत्सुकताच नसते. ते त्या चौघांना बघायला बसतात.

दोन साड्यांचंच घ्या. सचिनची सुधा चालताना, बोलताना, लाजताना खरोखर बाई वाटावी अशी आहे. लक्ष्मीकांतची पार्वती बरोबर उलट. पदर सावरताना, मुरडताना आतला परशुराम लपतच नाही. दोघेही सचिनसारखे असते तर तो नुसता वेशांतराचा चित्रपट झाला असता. दोघेही लक्ष्मीकांतसारखे असते तर थट्टा दहा मिनिटांत संपली असती. एक पटतो, दुसरा अजिबात पटत नाही आणि त्या दुसऱ्याची ओळख करून द्यायचं काम येतं अशोक सराफवर.

अशोक सराफ साडी नेसत नाही, पण सगळा चित्रपट त्याच्याच चेहऱ्यावर चालतो. खोटं बोलायचं, ते अंगाशी आलं की निस्तरायचं, आणि चेहरा मात्र सज्जन ठेवायचा. “हा माझा बायको” हे वाक्य बघा. एका लिंगाची चूक, बाकी काही नाही. पण ती चूक झाल्यावर माने क्षणभर जो अडकतो, त्यात हशा आहे. शंतनू झालेला सिद्धार्थ रे फारसा विनोद करत नाही, आणि ते बरंच आहे. चौघेही उड्या मारत असते तर बघायचं कुणाकडे?

प्रमुख नटांच्या बाहेरही हेच. मधुमेहावर इस्राएलचं औषध आणि ‘वारलेले’ सत्तर रुपये हा प्रसंग कथेतून काढला तर कथेचं काहीही बिघडत नाही. पण सुधीर जोशींचा तो संतापलेला घरमालक सरपोतदार काढून दाखवा!

यात संवाद लिहिणाऱ्या वसंत सबनीसांचा वाटा मोठा. ते ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचे लेखक. लोकनाट्यात कथा म्हणजे खुंटी, नटाने तिच्यावर काय टांगलं ते महत्त्वाचं. सबनीसांनी भारी वाक्यं लिहिण्याचा हट्ट धरला नाही. साधी, घरातली वाक्यं लिहिली आणि नटाला जागा सोडली.

नट एकमेकांना सरावलेले असणंही कामी आलं. सचिनने त्याआधी ‘नवरी मिळे नवऱ्याला’ आणि ‘गंमत जंमत’मध्ये अशोक सराफसोबत काम केलं होतं. अशोक आणि लक्ष्मीकांत ही जोडी ‘धुमधडाका’पासून, म्हणजे १९८५ पासून, लोकांच्या ओळखीची झाली होती. समोरचा कधी थांबणार हे माहीत असल्याशिवाय असलं टायमिंग जमत नाही. मेहमूद एकटा भारी होता. इथे अख्खी टोळी होती.

आता कुणी म्हणेल, मग चांगले नट घ्या आणि कथा सोडून द्या. तसं करून पाहिलेलंही आहे. अशोक-लक्ष्मीकांत जोडीने नंतर ढिगाने चित्रपट केले, त्यातले कित्येक आज नावानेही आठवत नाहीत. नट तेच होते. त्यांना करायला मात्र तेच ते धावणं, तेच ओरडणं उरलं होतं. ‘बनवाबनवी’ची कथा कच्ची असली तरी घर हातचं जाण्याची भीती तिच्यात खरी आहे. पुण्यात एकट्या मुलाला खोली मिळवताना ती आजही कळते. तिथे ‘फक्त फॅमिलीसाठी’ अशा पाट्या अजून लागतातच.