इन्सुलिन ग्लार्जिन आणि जनुकांची धास्ती

मांजरसुंब्याहून केजकडे जाताना नेकनूर लागतं. तिथल्या माझ्या आत्याने गेल्या पावसाळ्यात रात्रीचं इन्सुलिन परस्पर बंद केलं. पायाची जखम चिघळली तेव्हा आम्हाला कळलं. म्हणाली, "जीन बदलून केलंय म्हणं ते. पोराबाळांत काही उतरलं तर रे?" तिची मुलं या इन्सुलिनच्या कितीतरी आधीची, हा मुद्दा तिने कानाआड केला. पण औषध जनुकांना इजा करतं का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडतोच.

तिचं औषध ग्लार्जिन. मानवी इन्सुलिन म्हणजे 51 अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या. ग्लार्जिनमध्ये एकीच्या टोकाला ॲस्परजिनऐवजी ग्लायसिन असतं, दुसरीच्या टोकाला दोन आर्जिनिन जोडलेली असतात. म्हणून ते कातडीखाली साचून सावकाश विरघळतं आणि जवळपास 24 तास पुरतं. जनुक बदललं जातं ते हे इन्सुलिन तयार करणाऱ्या जिवाणूचं, आत्याचं नव्हे.

जनुकांच्या इजेची सर्वांत प्रसिद्ध चाचणी बर्कलीच्या ब्रूस एम्स यांची, 1970च्या दशकातली. तिच्यातल्या साल्मोनेला जिवाणूंचं हिस्टिडिन बनवणारं जनुक मोडलेलं असतं. बाहेरून हिस्टिडिन मिळालं नाही तर ते वाढत नाहीत. औषधाने जनुकांत बदल घडवले, तर काहींचं मोडलेलं जनुक योगायोगाने दुरुस्त होतं आणि बशीत त्यांच्या वसाहती उगवतात. त्या मोजायच्या. प्रथिन-औषधांची गोम इथेच आहे. प्रथिन तुटलं की त्यातूनच हिस्टिडिन सुटू शकतं, आणि इन्सुलिनमध्ये ते दोन जागी आहे. मग वाढ दिसली तरी ती जनुकबदलाची की आयत्या खुराकाची?

1997च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार जैवतंत्रज्ञानाने बनवलेल्या प्रथिनांना या नेहमीच्या चाचण्या सहसा लागत नाहीत, कारण ती थेट डीएनएशी भिडतील अशी अपेक्षा नसते. प्रथिनाला रासायनिक दुवा जोडला असेल, तर मात्र काळजी घ्यावी लागते. ग्लार्जिनमध्ये असा दुवा नाही, तरी त्याची तपासणी झाली: एम्स चाचणी, सस्तन प्राण्यांच्या पेशींतली जनुकबदलाची चाचणी, गुणसूत्रं तुटतात का याची पेशींत आणि चिनी हॅम्स्टरमध्ये पाहणी. कुठेही दोष आढळला नाही. 2000 साली ते अमेरिकेत मंजूर झालं.

एवढ्यावर निश्चिंत व्हावं, असं मात्र मला वाटत नाही. इन्सुलिनचं एकच अमिनो आम्ल बदललेल्या दुसऱ्या एका रेणूने मादी उंदरांत स्तनांच्या गाठी झाल्या आणि त्याचं काम थांबवावं लागलं. डीएनएला धक्का न लावताही पेशींना वाढीचा इशारा जास्त वेळ मिळत राहिला, की असं होऊ शकतं. ग्लार्जिनबद्दलही 2009मध्ये कर्करोगाची शंका आली. शरीरात त्याची ती दोन आर्जिनिन लवकर कापली जातात, हा दिलासा होताच. पुढे साडेबारा हजार लोकांवरच्या, सुमारे सहा वर्षांच्या 'ओरिजिन' चाचणीत कर्करोग वाढलेला दिसला नाही. तिचे निष्कर्ष 2012मध्ये आले.

आत्याला मी जिवाणूंची गोष्ट सांगितली, उंदरांचीही. "मग पायाचं काय?" एवढंच तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी आम्ही बीडला डॉक्टरांकडे गेलो.