पलटणीचा बिल्ला : अस्सल की नक्कल?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक घराण्यांत लष्करातील नोकरी ही पिढ्यानपिढ्यांची परंपरा आहे. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा गावांतून जुन्या ट्रंकेत वा देवघराच्या फडताळात आजोबा-पणजोबांचा एखादा पितळी बिल्ला आजही जपलेला आढळतो. या वस्तूंना संग्राहकांकडून मागणी असल्याने त्यांच्या नकलाही बाजारात येतात. त्यात खरेदीदाराची फसवणूक होते हे उघडच आहे. परंतु खरा बिल्ला नकली समजून मोडीत घातला गेला, तर एका घराण्याची खूण कायमची नाहीशी होते. ही हानी अधिक मोठी म्हटली पाहिजे.

बिल्ल्याची परीक्षा प्रथम इतिहासाच्या आधारे करावी. १९०३ च्या लष्करी पुनर्रचनेत मराठा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ असे क्रमांक मिळाले. यांपैकी पहिल्या तीनच त्या काळी 'लाइट इन्फन्ट्री' म्हणविल्या जात. १९२२ साली या सहाही पलटणी एकत्र करून 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' ही रेजिमेंट उभी राहिली व जुने क्रमांक संपुष्टात आले. १९४५ मध्ये पाच हा आकडाही गळला. तेव्हा ११६ हा क्रमांक आणि 'लाइट इन्फन्ट्री' ही अक्षरे एकाच बिल्ल्यावर दिसली, तर संशयास जागा आहे. रेजिमेंटच्या इंग्रजी नावात पूर्वी 'आर'च्या आधी 'एच' आणि शेवटी दोन 'टी' असत; आजचे स्पेलिंग स्वातंत्र्यानंतरचे आहे. नव्या स्पेलिंगचा बिल्ला 'कूतच्या वेढ्यातला' म्हणून कोणी दाखवू लागल्यास तो वेढा १९१५-१६ चा होता, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

बिल्ल्यावर मुकुट असल्यास त्याच्या कमानी पाहाव्यात. १९०१ नंतरच्या राजांच्या काळातील मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर उचललेल्या असतात. राणी व्हिक्टोरियाच्या काळातील आणि पुढे राणी एलिझाबेथ हिच्या कारकिर्दीतील मुकुटाच्या कमानी मध्यभागी दबलेल्या दिसतात. एलिझाबेथ १९५२ साली गादीवर आली. भारतीय सेनेने मात्र २६ जानेवारी १९५० पासूनच मुकुटाऐवजी अशोकस्तंभावरील सिंहांचे चिन्ह स्वीकारले होते. म्हणून १९०३ ते १९२२ या काळातील क्रमांकावर दबल्या कमानींचा मुकुट असेल, तर तो बिल्ला अस्सल मानता येणार नाही. नकला करणारे बहुधा येथेच चुकतात.

यानंतर घडणावळ पाहावी. कारखान्यात तयार झालेला बिल्ला पत्र्यावर ठसा दाबून काढलेला असतो. समोरचा उठाव मागील बाजूस खोलगट दिसतो, रेषा धारदार असतात आणि कातरलेल्या मोकळ्या जागांच्या कडा स्वच्छ असतात. मूळ बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल मागून भरीव, किंचित लहान आणि भिंगाखाली बारीक छिद्रांची दिसते. धातू थिजताना आकसतो म्हणून आकार घटतो. कडांवर कानशीचे ओरखडे आणि मागच्या कड्यांभोवती ताज्या डाखाचे ओघळ हीही नकलेची लक्षणे होत.

मात्र येथे घाई करू नये. हिंदुस्थानी पलटणींसाठी कित्येक बिल्ले छावणीच्या बाजारातील कारागिरांनी ओतून दिलेले आहेत. ते ओबडधोबड असूनही अस्सलच असतात. केवळ इंग्लंडमधील बिल्ल्यांचे नियम लावून आपल्याकडची वस्तू बाद ठरविणे योग्य नव्हे. उलट, जुन्या मूळ ठशावरूनच पुढे काढलेल्या प्रती जाणकारांनाही चकवितात.

झिजेचीही एक रीत असते. वर्षानुवर्षे घासल्याने उंच भाग गुळगुळीत होतो, खाचांत जुना मळ टिकतो आणि मागची बाजू तितकी झिजत नाही. दोन्ही अंगांना सारखाच हिरवा कळंक चढलेला असेल, तर तो मुद्दाम आणलेला असण्याचा संभव असतो. याच कारणास्तव घरचा बिल्ला चिंचेने किंवा लिंबू-मिठाने उजळू नये. त्याबरोबर पुरावाही धुऊन निघतो.

तथापि बिल्ला अस्सल ठरला, तरी तो कोणाचा हे त्यावरून कळत नाही. बिल्ल्यावर शिपायाचे नाव नसते. पहिल्या महायुद्धातील रुपेरी युद्धपदकाच्या कडेवर मात्र क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. म्हणून बिल्ला, पदक, नोकरीतून मुक्त झाल्याचा दाखला आणि छायाचित्र या वस्तू वेगळ्या करू नयेत. वडीलधाऱ्यांकडून मिळालेली माहिती कागदावर लिहून त्यांच्यासोबत ठेवावी. सातारा व सांगली येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आणि बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र यांच्याकडे कुटुंबीयांना चौकशी करता येते.

सांगली जिल्ह्यातील कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. त्यानंतर 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. वाळव्याच्या शिपायाच्या जुन्या दाखल्यावर 'जिल्हा सातारा' असे लिहिलेले आढळल्यास तो कागद खोटा समजण्याचे कारण नाही.