भयकादंबरीकाराचे स्वातंत्र्य हक्कांवर अवलंबून

भय, गूढ किंवा विनाशाच्या छायेतील कादंबरी प्रकाशकाविना वाचकांपर्यंत पोहोचवणे आता शक्य झाले आहे. मात्र हक्क लेखकाकडे राहिले, तरच त्याचे स्वातंत्र्य टिकते. अमेरिकी लेखक ह्यू हॉवी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

बाहेरील विषारी जगापासून बचावासाठी भूगर्भात राहणाऱ्या समाजाची ‘वूल’ ही कथा त्यांनी २०११ मध्ये ॲमेझॉनच्या किंडलवर स्वतःच प्रसिद्ध केली. वाचकांच्या मागणीमुळे पुढील भाग लिहिले गेले. अमेरिकेत किंडलवर २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या ई-पुस्तकावर लेखकाला ७० टक्के, तर त्याबाहेरील किमतीवर ३५ टक्के रॉयल्टी मिळू शकते. संपादन व मुखपृष्ठाचा खर्च लेखकालाच करावा लागतो. २०१२ मध्ये हॉवी यांनी सायमन अँड शूस्टर या प्रकाशनसंस्थेला अमेरिकेसाठी केवळ छापील आवृत्तीचे हक्क दिले; ई-पुस्तकाचे हक्क स्वतःकडेच ठेवले. २०२३ मध्ये या कथानकावर आधारित ‘सायलो’ ही मालिका प्रदर्शित झाली.

भारतात प्रताधिकार लेखनाबरोबरच निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार हक्कांच्या हस्तांतरणाचा करार लेखी व सहीनिशी असावा लागतो. त्यात मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षांची, तर क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते मानले जाते. त्यामुळे सही करण्यापूर्वी छापील, ई-पुस्तक, श्राव्य आवृत्ती, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क करारात स्वतंत्रपणे नोंदवून घेणे लेखकाच्या हिताचे ठरते.