शून्याखालची हायड्रा

लडाखमधल्या श्योक नदीवरच्या कर्नल चेवांग रिंचेन सेतूच्या छायाचित्रांत पूल दिसतो, नदी दिसते, मागचे उघडेबोडके डोंगर दिसतात. 21 ऑक्टोबर 2019 रोजी खुला झालेला हा पूल सुमारे 14,650 फुटांवर आहे आणि 1,400 फूट लांब आहे. अशा कामावर लोखंडाचा जो तुकडा माणसांच्या खांद्यांना पेलत नाही, तो कुठल्या तरी क्रेननं उचललेला असतो. उद्घाटनाच्या फोटोत ती क्रेन नसते. तोवर ती पुढच्या साइटवर पोचलेली असते, आणि जानेवारीच्या सकाळी कुणी तरी तिला सुरू करायच्या खटपटीत असतं.

सीमा सडक संघटनेचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. 7 मे 1960 ही स्थापनेची तारीख; लडाखची जबाबदारी घेणारा ‘हिमांक’ प्रकल्प 1985 चा. या संघटनेचं मनुष्यबळ म्हणजे ग्रेफ, आणि ग्रेफचं केंद्र आहे पुण्यात, दिघी कॅम्पला. चालक, मेकॅनिक, यंत्रचालक म्हणून भरती झालेली किती तरी पोरं दिघीच्या उन्हात कवायत करतात आणि मग थेट अशा जागी जातात, जिथे रात्री पारा उणे वीस-पंचवीसपर्यंत उतरतो. द्रासला तर त्याहूनही खाली.

तिथं त्यांना भेटणारी क्रेन बहुधा ओळखीचीच असते. पिंपरीच्या एमआयडीसीत, नागपूरच्या मेट्रोच्या कामावर, गावाकडे विहिरीत पडलेला ट्रॅक्टर काढताना जी पिवळी, चार चाकांची, पुढे बूम काढून चालणारी क्रेन दिसते, तीच ही हायड्रा. भार उचलायचा आणि उचललेल्या भारासकट चालत जायचं, ही तिची खासियत. बारा-चौदा टनांचा आकडा तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो. पण तो बूम आखडलेला आणि भार अगदी जवळ असतानाचा. बूम बाहेर काढत नेला की क्षमता झपाट्यानं घसरते, आणि ती किती घसरली हे केबिनमधल्या लोड चार्टवर असतं, बाहेरच्या रंगात नसतं. जुन्या बनावटीत चालक मागे आणि बूम त्याच्या डोळ्यांसमोर आडवा, त्यामुळे हूकजवळचा माणूस दिसत नाही. काही मोठ्या बांधकाम कंपन्यांनी याच कारणानं जुन्या हायड्रांना साइटचं दार बंद केलं.

सपाटीवर ही क्रेन चावी फिरवली की लागते. वर तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेण्यात खरी गोडी आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबायची, दाबानं ती तापवायची आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडायचा. पेट घेतला तर पुढचं सगळं. म्हणजे उष्णता तयार करायची जबाबदारी पूर्णपणे पिस्टनवर. आता पिस्टन, सिलिंडर, हेड सगळंच उणे वीसवर असेल, तर दाबून तापवलेली हवा भिंतींना ऊब देण्यातच खर्ची पडते. त्यात उंची. चौदा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये भरणारी हवाच मुळात कमी. इंजिन ऑइल घट्ट झालेलं, त्यामुळे क्रँक हळू फिरतो. हळू फिरला की दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटींतून निसटायला वेळ मिळतो. सेल्फ मारला की एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो. तो धूर म्हणजे न जळता बाहेर पडलेलं डिझेल.

हे सगळं ज्या बॅटरीच्या जिवावर चालायचं, तिचीही हीच गत. उणे 18 अंशांवर शिसे-आम्लाची बॅटरी उन्हाळ्यातल्या ताकदीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच देते, आणि नेमकं त्याच वेळी इंजिन दुप्पट जोर मागत असतं. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीचं पाणी उणे साठपर्यंत गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीचं उणे दहाच्या आसपासच गोठतं आणि डबा फोडतं. म्हणून जुनेजाणते ऑपरेटर संध्याकाळी बॅटरी काढतात आणि बुखारी पेटलेल्या खोलीत आपल्यासोबत ठेवतात. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारायचा नाही, मध्ये दोन मिनिटं थांबायचं, हा नियम इथं स्टार्टरइतकाच बॅटरीसाठीही आहे.

पण सगळ्यात हट्टी गोष्ट आहे डिझेल.

डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे बारीक स्फटिक होतात, डिझेल आधी धुरकट दिसतं, मग फिल्टरच्या कागदावर मेणाचा थर बसतो आणि शेवटी टाकीतलं इंधन वाहायचंच थांबतं. भारतीय मानकात साध्या डिझेलसाठी हा न वाहण्याचा बिंदू हिवाळ्यात जास्तीत जास्त 3 अंश आणि उन्हाळ्यात 15 अंश धरलेला आहे. उणे नव्हे, शून्याच्या वरचे अंश. मैदानी मुलखाला ते पुरतं. मात्र मैदानात टाकी भरून ट्रेलरवर चढवलेली क्रेन खिंड ओलांडून आली, तर ती आपल्या पोटात मेणाचा गोळा घेऊन आलेली असते. वर्षानुवर्षं यावर उपाय एकच होता: डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचं, आणि तरीही गोठलं तर टाकीखाली स्टोव्ह किंवा ब्लो लॅम्प लावायचा. इंधनाच्या टाकीखाली उघडी ज्योत! हिमालयातल्या ट्रकवाल्यांनी हे इतक्या वेळा केलंय की त्यातला धोका नजरेलाच दिसेनासा झाला.

नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार होणारं हे डिझेल उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहतं. या भागातल्या यंत्रांसाठी गेल्या काही वर्षांत झालेल्या सुधारणांमध्ये ही सर्वांत मोठी मानायला हवी, पुलांइतकीच. अर्थात टाकीत आधीचं साधं डिझेल उरलं असेल आणि त्यावर हिवाळी ओतलं, तर फायदा तेवढ्याच प्रमाणात पातळ होतो.

एक शॉर्टकट मात्र अजून टिकून आहे. हवेच्या वाटेत ईथरचा स्प्रे मारला की थंड इंजिनही फटकन पेटतं. ज्या इंजिनात ग्लो प्लग किंवा हवा तापवणारा हीटर आहे, तिथे तोच ईथर भलत्या जागी, भलत्या क्षणी पेटतो आणि पिस्टनच्या रिंगा मोडतो. हायड्रांत किर्लोस्करचं इंजिन असणं नवलाचं नाही. पुण्याच्या खडकीशी नातं सांगणारं एखादं इंजिन तिकडे अशा एका फवाऱ्यानं बाद व्हावं, याची हळहळ वाटते.

समजा, इंजिन लागलं. धूर आधी पांढरा, मग निळसर, मग दिसेनासा. ठोका एकसारखा झाला. साइटवरच्या सगळ्यांच्या लेखी क्रेन आता तयार आहे, आणि इथूनच या लेखाची काळजी सुरू होते. कारण क्रेनचं इंजिन हा क्रेनचा सर्वांत लवकर तापणारा भाग आहे.

हायड्रॉलिक ऑइलला तेवढी घाई नसते. नेहमीचं 46 ग्रेडचं तेल शून्याजवळ कामाच्या तापमानापेक्षा दहापटीहून जास्त घट्ट असतं, काकवीसारखं. पंप ते ओढू पाहतो, तेल वेळेवर येत नाही, पोकळी तयार होते आणि पंप खडे भरल्यासारखा वाजतो. हा आवाज ओळखून कमी वेगावर थांबणं आणि मग बूम, विंच, स्टिअरिंग बिनभाराचं एकेकदा पूर्ण चालवून घेणं, हे कौशल्य मॅन्युअलमध्ये एका ओळीत असतं आणि प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास खातं. पंपाजवळचं तेल कोमट झालं तरी बूमच्या सिलिंडरमधलं रात्रीचंच असतं. संध्याकाळी उलटं: दुपारच्या उन्हात तापलेलं तेल सावली आली की आकसतं, दहा अंशांमागे पाऊण टक्क्याच्या आसपास, आणि भार टांगून ठेवलेला बूम कुणी लिव्हरला हात न लावता खाली येतो.

टायरचंही तसंच. पारा तीस अंशांनी उतरला की हवेचा दाब साधारण दहा टक्क्यांनी पडतो. एरवी हे चाललं असतं; पण हायड्रा भार घेऊन चालते तेव्हा तो सगळा भार पुढच्या टायरांवर असतो, आणि एक टायर नरम असला की लटकणारा भार त्याच बाजूला झुकतो. पुलीत बर्फ बसला की वायर रोप खोबणीतून उडी मारतो. हूक वर आदळू नये म्हणून लावलेला लिमिट स्विच गोठला की तो असून नसल्यासारखा. ब्रेकच्या एअर टाकीतलं पाणी आदल्या संध्याकाळी सोडलं नसेल, तर सकाळी व्हॉल्व्हमध्ये बर्फ.

आणि पोलाद. थंडीत पोलाद वाकण्याऐवजी तडकतं, हे जगाला महागात पडून कळलं. 16 जानेवारी 1943 च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला बांधलेलं ‘शेनेक्टडी’ हे नवं तेलवाहू जहाज शांत पाण्यात मधोमध फाटलं. पुढे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी अशा जहाजांच्या पोलादाचा अभ्यास करून दाखवलं की एका तापमानाखाली ते ठिसूळ होतं. आपल्याकडच्या आयएस 2062 मानकात म्हणूनच एकाच ताकदीच्या पोलादाच्या प्रती आहेत: एकाची आघात चाचणी खोलीच्या तापमानाला, दुसऱ्याची शून्यावर, तिसऱ्याची उणे 20 वर. क्रेनच्या अनेक उत्पादकांची मॅन्युअल उणे 18 च्या खाली क्षमता कमी धरायला सांगतात. झटका तर अजिबात द्यायचा नाही. पण झटका नेहमी ऑपरेटर देतो असं नाही. रात्रभर बर्फात पडलेला गर्डर जमिनीला चिकटलेला असतो. कागदावर त्याचं वजन तीन टन. सुटेपर्यंत क्रेनला ते किती वाटेल याला हिशेब नाही, आणि सुटतो तो एकदम. आधी पहारीनं मोकळा करायचा, मगच बेल्ट लावायचे, एवढं सोपं काम घाईत राहून जातं.

घाई येते कुठून? दिवसातून. कामाला सोसवेल असं ऊन दहा ते तीन, फार तर साडेतीन. त्यातला तास क्रेन तापवण्यात गेला की मुकादमाचा जीव वरखाली होतो. मग चेकलिस्ट ऑफिसातच, आदल्या दिवशीची बघून भरली जाते: ऑइल ओके, कूलंट ओके, रोप ओके, हूक लॅच ओके. 1998 चे बांधकाम कामगार नियम सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा क्रेनची कसून तपासणी मागतात. ते प्रमाणपत्र खरं असलं तरी आज सकाळच्या रोपबद्दल काही सांगत नाही. रोपवर हात फिरवून तुटलेल्या तारा शोधायच्या तर जाड हातमोज्यातून त्या लागत नाहीत, आणि हातमोजा काढला तर उघडी बोटं लोखंडाला चिकटतात. डोळ्यांनी, उजेड आल्यावर, पुलीजवळ थांबून पाहणं हाच मार्ग; त्यालाही वेळच लागतो.

हायड्रा भाड्यानं घेतात ती आठ तासांच्या पाळीवर. तापवण्याचा तास ठेकेदाराला फुकट गेलेला वाटतो, मालकाला जळालेलं डिझेल वाटतं, आणि ज्याच्या सहीनं क्रेन हलते त्या ऑपरेटरच्या बाजूनं बोलायला कुणीच नसतं. लॉगशीटवर भाराचे तास आणि तापवण्याचे तास वेगळ्या रकान्यांत लिहावेत, निविदेतच त्या दुसऱ्या रकान्याचा दर असावा, आणि तो रकाना भरेपर्यंत हूकला बेल्ट लागू नये. द्रास असो वा दुरबुक, डिझेलचा प्रश्न सोडवायला रिफायनरीला नवं इंधन बनवावं लागलं. याला फक्त छापलेल्या कागदावर एक उभी रेघ वाढवायची आहे.